मुरघास: खड्डा की बॅग? गेल्या वर्षी निम्मा माल काळा पडला (राजापूर)

सड्यावरचा, ता. राजापूर | २६ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट उत्तर देता येणार नाही.

माझ्याकडे सहा संकरित गाई आणि दोन म्हशी. दोन्ही वेळचं मिळून साठ-बासष्ट लिटर दूध डेअरीला जातं. भात कापून झालं की मळ्यात ३५ गुंठे आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका करतो, पाणी वहाळावरच्या बंधाऱ्याचं. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मुरघास केला, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद दाबून आंबवून ठेवली. घरामागे सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) कडेला जेसीबीने खड्डा मारून घेतला, २० फूट लांब, १० फूट रुंद, ६ फूट खोल. आत प्लास्टिक अंथरलं. कुट्टी मशीन २ एचपीची, त्यात वीज ये-जा करायची, त्यामुळे भरायला पाच दिवस गेले. अंदाजे १८ टन माल बसला. पायाने तुडवला, वर प्लास्टिक आणि त्यावर माती.

२० एप्रिलला तोंड उघडलं. पहिले दोन आठवडे वास असा सुटायचा की वाटेने जाणारा थांबून विचारायचा. गाई तुटून पडायच्या. दूध तीन लिटरने वाढलं. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे पाटी भरायला हात घातला तर माल गरम. कोपरापर्यंत आत घातला, तिथेही गरमच. दोन दिवसांनी त्याच जागी पांढरी बुरशी. तेवढी काढून टाकायचो आणि मागचा माल घालायचो. २० मेनंतर पाऊस लागला तो उघडलाच नाही, २०२५ चा मे महिना कोकणात कोणी विसरलेलं नसेल. खड्ड्याच्या कडेने पाणी उतरलं. जूनमध्ये तळाला घोट्याएवढं काळं पाणी होतं आणि माल हातात घेतला की शेणासारखा चिकट. दोन गाई पातळ हगायला लागल्या, तेव्हा घालणं बंदच केलं. आठ-नऊ टन माल फावड्याने काढून माडांच्या आळ्यात टाकला. डिसेंबरपासून बायकोने आणि मी त्या मक्याला पाणी लावलं होतं. तो असा टाकताना फार वाईट वाटलं.

खड्ड्याचा सल्ला देणारे घाटावरचे होते, त्यांच्याकडे त्याच मापाचा खड्डा छान चालतो. मका ६५ दिवसांचा असताना कापला होता, कणीस धरलं की काप असं कोणीतरी सांगितलं म्हणून.

या वर्षी पेरणी १० डिसेंबरची, आज ७८ दिवस झाले. कधी कापू? पुन्हा त्याच खड्ड्यात भरू की बॅगा आणू? आणि गेल्या वर्षी नेमकं चुकलं काय? कापणी, तुडवणं की पाऊस?

गोठेवाली, देवरुख | २६ फेब्रुवारी

भाऊ, तुमचं वाचून माझा २०२१ चा मे महिना डोळ्यांसमोर आला. १६ तारखेला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या पडवीचा पत्रा उडून मुरघासाच्या ढिगावर पडला, प्लास्टिक फाटलं आणि रात्रभर पाऊस आत गेला. सकाळी पाहिलं आणि तिथेच बसले. त्यामुळे टाकून देणं काय असतं ते मला ठाऊक आहे. गेली चौदा वर्षं गोठा मीच बघते, सध्या अकरा गाई आहेत. तुम्ही मापं नीट दिलीत म्हणून नीट सांगता येतंय.

पावसाने तुमचं नुकसान वाढवलं, पण मूळ बिघाड पावसाच्या आधीचा आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस नव्हता आणि माल तरीही गरम होता, हे तुम्हीच लिहिलंय.

हिशेब करा. आठ जनावरं, डोई १५ किलो धरले तर दिवसाला १२० किलो. तुमचा खड्डा १,२०० घनफुटांचा, त्यात १८ टन, म्हणजे घनफुटाला १५ किलो. खड्ड्याचं तोंड १० फूट रुंद आणि ६ फूट उंच, म्हणजे ६० चौरस फूट. त्यातला फूटभर जाडीचा थर ९०० किलोचा. तो संपायला तुम्हाला साडेसात दिवस लागतात. म्हणजे रोज तुम्ही जेमतेम दीड इंच पुढे सरकत होता आणि उघड्या तोंडाला हवा आठवडाभर लागत होती. हवा लागली की झोपलेलं यीस्ट जागं होतं, ते मुरघासातलं आम्ल खातं, माल तापतो आणि आम्ल कमी झालं की मागून बुरशी येते. तुमच्या हाताला लागलेली उष्णता ती हीच. वरची बुरशी काढून मागचा माल घालत होता, पण तो मागचा मालही तापलेलाच होता.

रोज निदान सहा इंच तरी पुढे गेलं पाहिजे. आपल्याकडच्या उकाड्यात आणि दमट हवेत मी वीतभर धरते, आठ-नऊ इंच. घाटावर ज्यांचा खड्डा चालतो त्यांच्या दावणीला चाळीस जनावरं असतात. त्यांचा खड्डा त्यांच्या गोठ्याच्या मापाचा आहे, तुमचा मात्र तुमच्या मक्याच्या मापाचा झाला. मी हे पुन्हा पुन्हा सांगते कारण आपल्याकडे खड्डा खणताना सगळे विचारतात माल किती होणार, रोज काढणार किती हे कोणी विचारतच नाही. रोज १२० किलो काढणाऱ्याला दहा-बारा चौरस फुटांपेक्षा मोठं तोंड परवडत नाही. चार फूट रुंद, तीन फूट उंच, बस्स. तसा चर तुम्ही खणू शकता, पण मग तो सव्वाशे-दीडशे दिवसांसाठी शंभर फूट लांब होईल आणि सड्याच्या कडेला जुलैत जमिनीतूनच पाणी फुटतं, तळाला प्लास्टिक असलं तरी ते तरंगतं.

म्हणून तुम्ही बॅगा करा. अर्ध्या टनाची बॅग पायाने तुडवून साडेचारशे किलोपर्यंत भरते. तुमच्याकडे ती चार दिवसांत संपते. बिघडली तर एक बिघडते, बाकीच्यांना हवा लागत नाही. आणि दुसरा फायदा असा की तुमचं मशीन लहान आहे. पाच दिवस उघड्या खड्ड्यात भरत राहिलात तेव्हा पहिल्या दिवशीचा माल पाचव्या दिवसापर्यंत हवेत होता. बॅग तासा-दीड तासात भरून बंद होते. तुमच्या मशीनला हेच जुळतं.

आता कापणी. ६५ दिवसांचा मका म्हणजे नुसतं पाणी. तुमच्या तळातल्या त्या काळ्या पाण्यात पावसाइतकाच मक्याचा रसही होता. दिवस मोजू नका, थंडीत पेरलेला मका वेळ घेतो. उद्या सकाळी मळ्यात जा, कडेची सोडून आतली पाच-सहा कणसं काढा. कणीस मधोमध मोडा आणि शेंड्याकडचा तुकडा हातात धरून मोडलेल्या बाजूचे दाणे बघा. दाण्याचा वरचा भाग घट्ट झालेला दिसेल, बुडाकडचा चिकाचा. मधे एक रेघ असते. रेघ डोळ्याला दिसत नसेल तर नखाने वरून खाली टोचत या. जिथे नख रुतून पांढरा चीक सुटतो, तिथे रेघ. ती अर्ध्यावर आली की कापायला लागायचं आणि दोन तृतीयांश खाली जायच्या आत संपवायचं. तुम्हाला चार-पाच दिवस लागणार, तेव्हा अर्ध्याला किंचित कमी असतानाच सुरुवात करा. मार्चच्या उन्हात दाणा रोज पुढे जातो, शेवटच्या बॅगेला तो बरोबर सापडेल.

पहिली पाटी कुट्टी झाली की मूठभर घ्या आणि अर्धा मिनिट घट्ट आवळून धरा. मूठ उघडल्यावर रस ठिबकला तर मका अजून ओला, दोन-तीन दिवस थांबा. गोळा सावकाश उमलला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर लागा कामाला. गोळा लगेच भुगा होऊन पडला तर उशीर झालाय, मग कुट्टी अजून बारीक करा आणि तुडवण्यावर दुप्पट जोर द्या. पाणी ६५ ते ७० टक्के असावं म्हणतात ते या मुठीत कळतं.

ताट जमिनीपासून वीतभर वर कापा, माती यायला नको. सकाळी कापलेलं त्याच दिवशी कुट्टी झालं पाहिजे, रात्रभर ढीग ठेवलात तर तो आतून तापतो. कुट्टी बोटाच्या पेराहून मोठी नको. मशीनची पाती भरायच्या आधी धार लावून घ्या, बोथट पात्याने पानं चिरत नाहीत, चिंध्या होतात आणि चिंध्या दबत नाहीत.

बॅगेत एक माणूस आत उभा राहून गोल फिरत तुडवेल, एक बाहेरून ओतेल. अर्धा फूट ओतलं की तुडवायचं. कोपरे आणि कडा टाचेने दाबायच्या, हवा तिथेच राहते. वाडीतल्या दोघांना पैऱ्याला (कामाच्या बदल्यात कामाला) बोलवा, एकट्याने तुडवून पाय थकले की शेवटच्या बॅगा सैल राहतात, माझ्या राहिल्या होत्या. भरली की आतल्या प्लास्टिकचं तोंड पिळून घ्यायचं, दुमडायचं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळायचं. सुतळी सुटते, ट्यूब सुटत नाही.

गूळ, ताक, पावडर यावर मक्यासाठी पैसे घालू नका. मक्यात साखर पुरेशी असते. तो खर्च आतल्या जाड प्लास्टिकवर करा.

बॅगा पडवीत जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्या टाकून उभ्या करा, भिंतीपासून दोन हात लांब, म्हणजे मागे झाडता येईल आणि घूस लपणार नाही. कोकणात बॅगेचा खरा वैरी घूस. दर दोन दिवसांनी संध्याकाळी बॅटरी घेऊन मी एक फेरी मारते. बोटाएवढं भोक दिसलं तर त्याच क्षणी चिकटपट्टी. उद्यावर टाकलं की भोकाभोवती पाटीभर माल जातो.

आणि एक. पावसात हिरवं गवत उदंड, मग मुरघास कशाला असं तुम्हाला शेजारी म्हणतील. कोवळं पाणेरी गवत नुसतं घातलं की दुधाची फॅट पडते आणि शेण पातळ होतं. शिवाय लावणीच्या पंधरा दिवसांत गवत कापायला घरात माणूस असतं कुठे? त्या दिवसांसाठी दहा-बारा बॅगा डोळे मिटून मागे ठेवा.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, चिपळूण | २७ फेब्रुवारी

ताईंनी भरण्याचं सगळं सांगितलंय. मी जनावराच्या बाजूने बोलतो.

बुरशीचा थर काढून उरलेलं घालू नये. बुरशी दिसते त्याच्या पलीकडेही तिचं विष असू शकतं. वाळवून किंवा उकळून ते जात नाही. अफ्लाटॉक्सिन बी१ हे असंच बुरशीचं विष गाईच्या पोटात गेलं की त्याचं एम१ हे रूप होऊन दिवसभरात दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, इतकी बारीक, आणि ते दूध कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं. गाभण जनावराला तर संशयाचा घासही नको, खराब मुरघासात लिस्टेरियाचे जंतू वाढतात आणि गर्भ पडतो.

चांगल्या मुरघासाचा रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस, हाताला सुटसुटीत. कुबट वास म्हणजे बुरशी. चिकट आणि सडक्या लोण्याचा वास म्हणजे ओला मका भरलेला.

मुरघास घालायला सुरुवात केलीत की पहिल्या दिवशी डोई तीन-चार किलो, मग आठ-दहा दिवसांत १५ वर न्या. सोबत भाताचा पेंढा रोज हवाच, नुसत्या मुरघासावर रवंथ कमी होतो. आणि धार काढून झाल्यावर घाला, आधी नको. दुधाला वास लागतो आणि डेअरीवर कॅन परत येतो.

कुडाळचा मळा | २७ फेब्रुवारी

सड्यावरचे, खड्डा बुजवू नका, पण मोकळाही सोडू नका. गुरं, पोरं पडतात.

आमच्याकडे जमिनीवर चिऱ्याची टाकी आहे, साडेतीन फूट रुंद, चार फूट उंच, वीस फूट लांब, दोन कप्पे. बारा गुरं आहेत म्हणून चालते. चिरा स्पंजासारखा असतो, आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक नसेल तर हवा भिंतीतूनच जाते. पहिल्या वर्षी गिलावा केला नव्हता, भिंतीलगतचा वीतभर माल दोन्हीकडून गेला. तळाला उतार देऊन रस एका बाजूला काढलाय. तो रस विहिरीकडे जाऊ देऊ नका. जांभ्यातून पाणी किती लवकर उतरतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या खालच्या घरच्या विहिरीला एकदा वास आला तेव्हा आम्ही फार शरमलो, टाकीची बाजूच बदलली.

खोल खड्डा असेल तर भरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे कोणालाही आत उतरू देऊ नका. वायू तळाला साचतो, वास येईपर्यंत माणूस आडवा होतो.

तीन गाई, गुहागर | २८ फेब्रुवारी

माझ्यासारख्या लहान गोठ्यांसाठी लिहिते. २०० लिटरचे निळे ड्रम, झाकणाला लोखंडी कडी असलेले. एका ड्रममध्ये शंभर-एकशेवीस किलो बसतो. घूस काही करू शकत नाही. मी नेपियर भरते, त्यात पाणी फार असतं म्हणून कापून अर्धा-एक दिवस उन्हात सुकवते आणि टनाला वीस किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडते. नेपियरला गूळ लागतोच, मक्यासारखी साखर त्यात नसते. ड्रम नीट धुवून घ्या, आधी त्यात काय होतं ते विचारून मगच विकत घ्या.

सड्यावरचा, ता. राजापूर | १ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड इंचाचा हिशेब रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवला. बायको म्हणाली, म्हणजे पाऊस नसता तरी गेलंच असतं.

सकाळी सहा कणसं मोडली. चार कणसांत रेघ तिसऱ्या हिश्श्यावर आहे, दोनांत अर्ध्याच्या जवळ. ती दोन वरच्या बांधाकडची, तिथे पाणी कमी पोचतं. एक ताट कुट्टी करून मूठ आवळली, बोटांमधून रस आला. अजून पाच-सहा दिवस थांबतो. वरचा तुकडा आधी घेईन. ४० बॅगा सांगून ठेवल्यात, पाती धारेला दिली.

गोठेवाली, देवरुख | १ मार्च

बरोबर करताय. शेवटचं पाणी आता तोडा, मळा कोरडा असेल तर ताटांना चिखल लागत नाही. रोज एक कणीस मोडत राहा.

सड्यावरचा, ता. राजापूर | १३ मार्च

६ ला सुरुवात केली, १० ला संपवलं. ३७ बॅगा झाल्या. मूठ उघडल्यावर गोळा फुलासारखा उमलत होता, शेवटच्या दिवशी तर तळवा कोरडाच. पैऱ्याला तिघे आले. आईसुद्धा तोंडं आवळायला बसली, ट्यूबच्या पट्ट्या तिनेच कापल्या.

आता एक विचारायचंय. पहिल्या दिवशीच्या सहा-सात बॅगा वरून फुगल्यात, ढोलासारख्या टणक. टोचून हवा काढू का?

गोठेवाली, देवरुख | १३ मार्च

टोचू नका! आंबताना वायू सुटतोच, पहिल्या आठवड्यात बॅगा फुगतात आणि पुढे आपोआप बसतात. फारच ताणली असेल तर पडवीची दारं उघडी ठेवून, तोंड बाजूला करून, पट्टी क्षणभर सैल करा, वायू गेला की लगेच पिळून आवळा. आत हवा शिरायच्या आत. मग ४५ दिवस हात लावायचा नाही. बॅगांवर खडूने तारीख घाला, वरच्या बांधाकडच्या आधी उघडा. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.